धावता देह आणि कॅमेऱ्याची नजर : फोकसचा इतिहास, वऱ्हाडातून

१/
जुलै २०२४ मध्ये कॅनन कंपनीने ईओएस आर१ आणि ईओएस आर५ मार्क २ हे दोन कॅमेरे जाहीर केले. खेळाडूची हालचाल ओळखून, डाव ज्याच्या हाती आहे त्याच्यावर आपोआप फोकस नेण्याची सोय त्यांत होती. ही सोय तीन खेळांसाठी होती : फुटबॉल, बास्केटबॉल आणि व्हॉलिबॉल. कबड्डी त्या यादीत नव्हती.

२/
याच्या ८८ वर्षे आधी, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके त्या शहरात सादर केली होती. जगातील उत्तमोत्तम कॅमेरे तेव्हा बर्लिनमध्ये जमले होते. त्या मैदानापासून २०२४ च्या त्या यादीपर्यंतचा प्रवास हा या धाग्याचा विषय आहे. हलणाऱ्या वस्तूवर फोकस कसा साधला गेला, आणि त्या साधण्यात कोणाची हालचाल गृहीत धरली गेली?

३/
प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुन्या छायाचित्रात धावणारा माणूस अस्पष्ट दिसतो, त्याची कारणे दोन असू शकतात. शटर फार वेळ उघडे राहिले तर हालचालीची रेघ उमटते. शटर वेगवान असूनही भिंग चुकीच्या अंतरावर जुळवलेले असेल, तर सगळी आकृतीच पुसट होते. पहिला दोष वेळेचा, दुसरा अंतराचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवान काचपट्ट्यांनी पहिला दोष बराचसा दूर केला. दुसरा दोष सुटायला आणखी शंभर वर्षे लागली.

४/
१८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने दौडत्या घोड्याची प्रसिद्ध चित्रमाला टिपली. रांगेने मांडलेले १२ कॅमेरे होते. धावपट्टीवर आडवे दोरे ताणलेले होते. घोडा दोरा तोडी आणि त्या कॅमेऱ्याचे शटर उघडे. या प्रयोगाचे वर्णन नेहमी ‘वेगावरील विजय’ असे होते. पण मायब्रिजने फोकसचा प्रश्न सोडवला नव्हता. त्याने तो उद्भवूच दिला नव्हता.

५/
घोडा कॅमेऱ्यांच्या रांगेला समांतर धावत होता. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून जाताना त्याचे अंतर आधीच ठरलेले होते. भिंग एकदा जुळवले की काम संपले. यंत्राने घोड्याला शोधायचे नव्हते, घोड्याने यंत्राच्या आखलेल्या रेषेवर यायचे होते. पुढे शतकभर हलणाऱ्या वस्तूंची बहुतेक चित्रे याच अटीवर निघाली.

६/
मराठी माणसाच्या हाती आलेल्या पहिल्या चलच्चित्रातही हीच अट दिसते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले. विषय हालचालीचा, तोही अटीतटीचा. तरी कुस्ती हा कॅमेऱ्याला सोयीचा खेळ होता. दोघे मल्ल एकाच जागेभोवती झुंजतात. त्यांचे बळ कितीही उसळले, तरी भिंगापासूनचे अंतर फारसे बदलत नाही.

७/
आता अमरावतीकडे वळू. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंत वैद्य यांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. तेथील दोन खेळ शेजारी ठेवले, तर फोकसचा सगळा प्रश्न समोर उभा राहतो. एक मल्लखांब, दुसरा त्या काळी महाराष्ट्रात हुतूतू या नावाने रूढ असलेला कबड्डीचा खेळ.

८/
मल्लखांबात खांब हलत नाही. खेळाडू उलटा होवो, लटको, गिरकी घेवो, त्याचा देह खांबापासून हातभर अंतरातच राहतो. खांबावर फोकस साधून ठेवला की उरते ते केवळ योग्य क्षणाची वाट पाहणे.

हुतूतूत असा खांब नाही. चढाई करणारा पुढे घुसतो, तिरपा सरकतो, एका पावलावर वळतो आणि मधल्या रेषेकडे झेप घेतो. त्याच्याभोवती सात जण साखळी धरून मागे-पुढे होत असतात. कोणता देह कोणत्या अंतरावर असेल, हे निमिषभर आधीही सांगता येत नाही.

९/
१९३६ च्या बर्लिनमध्ये छायाचित्रकारांच्या हाती काय होते? लायका कंपनीने १९३२ मध्ये आपल्या लहान कॅमेऱ्याला भिंगाशी जोडलेला अंतरमापक दिला होता. दर्शिकेत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. भिंगाचे कडे फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस साधला. त्याच वर्षी झाइसचा काँटॅक्स कॅमेरा आला. आणि १९३६ मध्ये झाइसने १८० मिलिमीटरचे सोनार भिंग आणले. पुढे ते ‘ऑलिंपिया सोनार’ याच नावाने ओळखले गेले.

१०/
उपकरण उत्तम होते, पण दोन प्रतिमा जुळवायला क्षण-दोन क्षण लागत. धावपटू तेवढ्यात पुढे गेलेला असे. म्हणून अनुभवी छायाचित्रकार माणसावर फोकस करीतच नसत. ते जागेवर फोकस करीत : अडथळ्याची फळी, उंच उडीचा आडवा दांडा, शर्यतीची शेवटची रेषा. खेळाडू तेथे पोहोचला की बटण दाबायचे. मायब्रिजचा दोरा आता छायाचित्रकाराच्या बोटात आला होता, एवढाच फरक.

११/
या पद्धतीचा परिणाम क्रीडा-छायाचित्रणाच्या इतिहासावर खोल झाला. ज्या खेळांत ‘नेमके येथेच काहीतरी घडणार’ अशी जागा असते, त्यांची चित्रे स्पष्ट आणि भरपूर निघाली. ज्या खेळांत निर्णायक क्षण मैदानात कोठेही घडू शकतो, त्यांची चित्रे बहुधा आधीची किंवा नंतरची असतात. रांगेत उभा संघ, हातात ढाल घेतलेला कर्णधार, सलामीची मुद्रा. जुन्या क्रीडामंडळांच्या भिंतींवरील तसबिरी पाहिल्या की ही विभागणी सहज ओळखू येते.

१२/
वऱ्हाडात या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ रूप शंकरपटात दिसते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे त्यासाठी नावाजलेले गाव. सरळ धावपट्टी, हलका छकडा, बैलजोडी आणि धुरकरी. बाजूला उभे राहून चित्र काढले तर तो मायब्रिजचाच घोडा आहे. पण बैलांच्या डोळ्यांतील आवेश, त्यांचे ताणलेले खांदे आणि धुरकऱ्याचा चेहरा हवा असेल, तर शेवटच्या टोकाला, जोडीच्या समोर उभे राहावे लागते. तेथे अंतर प्रत्येक क्षणी घटत असते.

१३/
थोडे गणित करून पाहू. बैलजोडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला १० मीटर पुढे येते. ३०० मिलिमीटरचे साधे भिंग वापरले आणि जोडी ४० मीटरवरून २० मीटरवर आली, तर फोकस टिकवण्यासाठी भिंग सुमारे २.३ मिलिमीटर सरकवावे लागते, आणि हाताशी दोन सेकंद असतात. २० मीटरवरून १० मीटरवर येताना ते सुमारे ४.७ मिलिमीटर सरकवावे लागते, आणि हाताशी एकच सेकंद असतो. बैलांचा वेग तोच, पण भिंगाला चौपट वेगाने पळावे लागते.

१४/
हे एवढ्यावर थांबत नाही. २० मीटरवर, एफ/४ इतके छिद्र ठेवले, तर अशा भिंगात जेमतेम एक मीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो : अर्धा मीटर पुढे, अर्धा मागे. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात बटण दाबल्यानंतर आरसा वर जातो आणि मगच शटर उघडते. या खटाटोपात सेकंदाचा विसावा भाग गेला, तरी बैल अर्धा मीटर पुढे आलेले असतात. म्हणजे बटण दाबताना अचूक असलेला फोकस चित्र उमटताना चुकीचा ठरतो.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. समोरून येणाऱ्या वस्तूवर फोकस करणे म्हणजे ती आत्ता कोठे आहे हे मोजणे नव्हे, ती पुढच्या क्षणी कोठे असेल याचे भाकीत करणे होय.

१५/
जेथे भाकीत शक्य नव्हते, तेथे जुनी अटच चालू राहिली. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी संयुक्त प्रांतातील जंगलात वाटेवर तार लावून वाघाकडूनच त्याचे चित्र काढून घेतले. त्यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पात वाघांच्या गणनेसाठी जे स्वयंचलित कॅमेरे लावतात, ते याच कुळातले. तारेची जागा उष्णतेची चाहूल घेणाऱ्या संवेदकाने घेतली. फोकस मात्र कायमचा बांधलेला असतो.

१६/
मेळघाटातील असे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर लावतात. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरूनच प्रत्येक वाघ वेगळा ओळखला जातो. पट्टे पुसट आले तर ओळख पटत नाही. येथे यंत्र वाघाचा पाठलाग करीत नाही. वाघ कोणत्या वाटेने जातो हे माणसांनी आधी ओळखलेले असते. स्पष्ट चित्रामागे जंगलाची ओळख असते, आणि ती चित्रात दिसत नाही.

१७/
कॅमेऱ्याने स्वतः फोकस साधावा, यासाठी जर्मनीतील लाइट्झ कंपनीत १९६० च्या दशकापासून संशोधन चालू होते. १९७६ मध्ये त्यांनी आपला प्रयोग फोटोकिना प्रदर्शनात मांडला. पण बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा जपानचा : १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. त्यात अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा अंतर ओळखणारा घटक होता. १९७८ मध्ये पोलरॉइडने वटवाघळाच्या रीतीने ध्वनिलहरी सोडून अंतर मोजणारा कॅमेरा आणला.

हे कॅमेरे कौटुंबिक प्रसंगांसाठी होते. समोरचा माणूस उभा राहून हसणार, हेच त्यांनी गृहीत धरले होते.

१८/
खरा पालट १९८५ मध्ये झाला. मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या अंगातच बसवला. भिंगाच्या दोन कडांतून आलेला प्रकाश वेगळा करून दोन लहान प्रतिमा बनवायच्या आणि त्यांच्यातील अंतर मोजायचे, ही त्याची रीत. दोन्ही प्रतिमा जुळल्या तर फोकस बरोबर. न जुळल्या, तर भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे हे एकाच मोजणीत कळते. १९३२ च्या लायकात डोळा आणि बोटे जे करीत, ते आता संवेदक आणि मोटार करू लागली.

त्या वर्षी अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुरातून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे वाफेच्या इंजिनावरच धावत होती. तिचे वाफेचे दिवस १९९४ मध्ये संपले. तंत्राचा काळ सगळीकडे एकाच घड्याळावर चालत नाही.

१९/
या शोधाची किंमत किती होती, याचा अंदाज एका खटल्यावरून येतो. आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा दावा हनीवेलने मिनोल्टाविरुद्ध अमेरिकेत लावला. १९९२ मध्ये ज्यूरीने हनीवेलच्या बाजूने कौल दिला आणि मिनोल्टाला सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. त्यानंतर इतर जपानी कंपन्यांनाही हनीवेलशी व्यवहार करावे लागले.

२०/
तरीही १९८५ चा कॅमेरा मोजत होता, भाकीत करीत नव्हता. ती पायरी १९८८ च्या सुमारास ओलांडली गेली. मिनोल्टा ७०००आय आणि निकॉन एफ४ हे कॅमेरे एकामागून एक मोजण्या करून वस्तूचा वेग काढीत आणि शटर प्रत्यक्ष उघडेल तेव्हा ती कोठे असेल तेथे भिंग आधीच नेऊन ठेवीत. शंकरपटाच्या टोकाला उभ्या असलेल्या छायाचित्रकाराचे मनातले गणित यंत्रात उतरले ते येथे. कॅननने १९८७ पासून ईओएस मालिकेत प्रत्येक भिंगाला स्वतःची मोटार दिली. जड भिंगे चपळ झाली आणि क्रीडांगणांच्या कडेला त्यांच्या पांढऱ्या नळ्यांच्या रांगा दिसू लागल्या.

२१/
पण प्रत्येक भाकितामागे एक गृहीत असते. येथील गृहीत असे : जे ज्या दिशेने चालले आहे, ते साधारण त्याच दिशेने चालत राहील. मोटार, विमान, धावपटू आणि बैलजोडी ते पाळतात. कबड्डीतला चढाईपटू मुद्दाम मोडतो. प्रतिस्पर्ध्याचे भाकीत चुकवणे हेच त्याचे कौशल्य आहे, आणि त्या चकव्यात कॅमेराही सापडतो. म्हणून पुढील कॅमेऱ्यांत छायाचित्रकाराला निवड देण्यात आली : वस्तूला चिकटून राहायचे, की मध्ये कोणी आडवे आले तर लगेच त्याच्याकडे वळायचे.

२२/
डिजिटल युगात वेग वाढला तसे दोषही उघडे पडले. २००७ चा कॅनन ईओएस-१डी मार्क ३ सेकंदाला १० चित्रे काढी. पण हलणाऱ्या विषयांवर त्याचा फोकस भरकटतो, अशा तक्रारी व्यावसायिक छायाचित्रकारांनी केल्या, विशेषतः कडक उन्हात. कंपनीने फोकस-संवेदकाकडे प्रकाश वळवणाऱ्या दुय्यम आरशाची दुरुस्ती करून दिली आणि अतिउष्ण हवेत हलत्या विषयावरचा फोकस अस्थिर होऊ शकतो, हे मान्य केले.

मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअस ओलांडणाऱ्या अकोल्याच्या दृष्टीने हा केवळ तांत्रिक तपशील नाही. यंत्र कोठेतरी घडते, आणि कोठली हवा ‘सामान्य’ मानायची हेही तेथेच ठरते.

२३/
अकोल्यातच दुसरी कसोटी आहे, अंधाराची. श्रावणातील अखेरच्या सोमवारी शिवभक्त गांधीग्रामला पूर्णा नदीचे पाणी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन पायी अकोल्यात येतात. त्या पाण्याने राजराजेश्वराला अभिषेक होतो. वाट रात्रीची, पावले घाईची आणि झेंडे, हात, डोकी सतत आडवी येणारी. ऑटोफोकसला दोन गोष्टी लागतात : प्रकाश आणि ठळक कडा. काळोखात प्रकाश नसतो. दिव्यांच्या झोतात कडा असते, पण ती दिव्याचीच, माणसाची नव्हे. अशा वेळी भिंग पुढे-मागे चाचपडत राहते आणि कावड निघून जाते.

२४/
पुढचा पालट आरसा गेल्यामुळे घडला. २०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये चित्र टिपणाऱ्या संवेदकावरच फोकस मोजणारे घटक आले. २०१७ च्या सोनी ए९ मध्ये ६९३ फोकस-बिंदू होते. तो सेकंदाला ६० वेळा मोजणी करी आणि २० चित्रे काढी, आणि दर्शिका क्षणभरही काळी होत नसे. १४/ मध्ये पाहिलेली आरशाची अडचणच उरली नाही. पण याहून मोठा बदल असा झाला, की कॅमेरा आता सगळे दृश्य सतत पाहत होता. जो पाहतो, त्याला ओळखायलाही शिकवता येते.

२५/
२०१९ मध्ये ऑलिंपसच्या ई-एम१एक्स कॅमेऱ्याला मोटारी, विमाने आणि आगगाड्या ओळखायला शिकवले गेले. त्याच वर्षी सोनीने प्राण्यांच्या डोळ्यावर फोकस ठेवण्याची सोय दिली. २०२२ च्या कॅनन ईओएस आर६ मार्क २ मध्ये कुत्रा, मांजर आणि पक्षी यांच्या जोडीला घोडा आला. बैलाचे नाव त्या यादीत नव्हते. १८७८ मध्ये ज्या प्राण्यापासून ही कथा सुरू झाली, तोच पुन्हा पुढे आला.

२६/
येथे न्याय्य आक्षेप येऊ शकतो. यादीत नाव नाही म्हणून बैलाचे किंवा कबड्डीपटूचे चित्र निघतच नाही, असे मुळीच नाही. माणसाचा चेहरा आणि डोळा हे कॅमेरे उत्तम ओळखतात, आणि तो कोणता खेळ खेळतो याने त्यात फरक पडत नाही. यादीबाहेरचा प्राणीही पुष्कळदा पकडला जातो. छायाचित्रकार बिंदू स्वतः निवडू शकतो. कुशल हातांनी यादीशिवायही अप्रतिम चित्रे काढली आहेत.

आक्षेप खरा आहे. फरक अशक्य आणि शक्य यांतला नाही, सोपे आणि अवघड यांतला आहे. पण दस्तऐवजांचे संग्रह बहुधा सोप्या गोष्टींनीच भरतात.

२७/
शंकरपटाच्या बाबतीत एक कालिक योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. महाराष्ट्रातील शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. प्राण्यांच्या वेदनेचा जो प्रश्न न्यायालयासमोर होता, तो स्वतंत्र आणि गंभीर आहे. येथे मुद्दा एवढाच, की ज्या साडेसात वर्षांत कॅमेरा ‘मोजणारा’ होता तो ‘ओळखणारा’ झाला, नेमकी तीच वर्षे हा खेळ कायद्याने थांबलेला होता. एकामुळे दुसरे घडले असे नाही. पण खेळ परतला, तेव्हा त्याच्यासमोर निराळीच नजर उभी होती.

२८/
इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? छायाचित्र हाती आले की आपण ‘यात काय दिसते’ असे विचारतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारता येतील. या कॅमेऱ्याला कोणत्या प्रकारची हालचाल पकडणे शक्य होते? चित्रातील माणूस खरोखर थांबला होता, की त्याला थांबवले होते? आणि जे पुसट आहे, ते कोणत्या कारणाने पुसट आहे : वेळेच्या, अंतराच्या, की यंत्राने दुसऱ्याच कोणाला मुख्य मानल्यामुळे?

२९/
हे प्रश्न विचारले की जुन्या तसबिरी वेगळ्या दिसू लागतात. आखाड्यातील ताठ उभ्या मुलांच्या चित्रावरून ‘त्या काळी शिस्त फार होती’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. शिस्त असेलही. पण त्या ताठपणातला काही वाटा भिंगाचा आणि शटरचा आहे. उलट, गर्दीच्या चित्रात कोपऱ्यात पुसट झालेली आकृती ही अनेकदा त्या दृश्यातील सर्वांत खरी हालचाल असते. तिला ‘खराब भाग’ म्हणून कापून टाकणे म्हणजे पुरावा कापणे होय.

३०/
हा केवळ भूतकाळाचा विषय नाही. आज शंकरपटाच्या कडेला किंवा कबड्डीच्या मैदानावर उभा असलेला तरुण सेकंदाला २० चित्रे काढतो. संध्याकाळी त्यांतली चार-पाच ठेवतो आणि बाकीची पुसून टाकतो. काय ठेवायचे याचा पहिला कौल कॅमेऱ्याने दिलेला असतो : ज्यावर फोकस बसला ते. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. पण ग्रामीण मैदानांवरच्या त्या खेळाचा इतिहास पुढे लिहिला जाईल, तो याच उरलेल्या चार-पाच चित्रांवरून.

३१/
म्हणून वऱ्हाडातील तरुण छायाचित्रकारांनी आणि इतिहासप्रेमींनी दोन साधी कामे करण्यासारखी आहेत. प्रत्येक चित्रासोबत गाव, तारीख, खेळ आणि कॅमेरा यांची नोंद ठेवावी. आणि प्रत्येक मालिकेतील निदान काही चुकलेली, पुसट चित्रे जपून ठेवावीत. नोंद नसलेले स्पष्ट चित्र पन्नास वर्षांनी मुके होते. नोंद असलेले पुसट चित्रसुद्धा, बैल त्या क्षणी यंत्राच्या अंदाजापेक्षा किती पुढे होता, हे सांगू शकते.

(धागा समाप्त)